धीर द्यावा, पण सत्याच्या आधारावर



घरातील कर्त्या माणसाला एखादी वाईट बातमी कळली आहे आणि घरच्या मंडळींना ती अजून कळलेली नाही. कारखाना बंद पडणार आहे, किंवा डॉक्टरांनी तपासणीचा अहवाल हाती देताना आवाज खाली आणून काही सांगितले आहे, किंवा मुलीच्या ठरलेल्या निकाहात मोठी अडचण उभी राहिली आहे. तो दाराशी येऊन क्षणभर थांबतो. आत गेल्यावर त्याने काय बोलावे? हाच प्रश्न वस्तीत तणाव पसरला असताना मस्जिदीच्या विश्वस्तांपुढे उभा राहतो, साथीच्या काळात इमामापुढे उभा राहतो आणि संकटकाळी राज्य चालविणाऱ्यांपुढेही उभा राहतो.

या प्रश्नाची दोन उत्तरे आपल्या समाजात ऐकू येतात. पहिले असे की, लोकांचा धीर खचू देऊ नये. त्यासाठी थोडे झाकावे लागले, थोडे खोटे बोलावे लागले तरी हरकत नाही. दुसरे असे की, जे कळले ते तत्क्षणी, जसेच्या तसे, सर्वांसमोर मांडून मोकळे व्हावे. क्षणभर थांबणे म्हणजेही फसवणूक. पहिल्या उत्तरात दया आहे, दुसऱ्यात सचोटी आहे. रहमत आणि सिद्क हे दोन्ही आपल्या दीनचे गुण आहेत. म्हणूनच हा प्रश्न कठीण आहे. तो चांगुलपणा आणि दुष्टपणा यांच्यातला असता, तर त्यावर लिहिण्याची गरजच नव्हती.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या एका प्रसिद्ध हदीसचा आशय असा आहे की, तुमच्यापैकी प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या ताब्यात दिलेल्यांविषयी विचारणा होणार आहे. या हदीसमध्ये शासकाचा उल्लेख आहे, त्याचबरोबर घरातील पुरुषाचा आहे, स्त्रीचा आहे आणि सेवकाचाही आहे. तेव्हा नेतृत्वाविषयी वाचताना हे मंत्र्या-संत्र्यांसाठी आहे असे समजून पान उलटू नका. ज्याच्या शब्दाकडे चार माणसे डोळे लावून बसतात, तो त्या चौघांपुरता नेताच असतो.

ग्रहणाचा दिवस

पहिल्या उत्तराची परीक्षा आपण एका प्रसंगावर करून पाहू. हिजरी सन १० मध्ये, इसवी सन ६३२ च्या आरंभी, प्रेषितांचे पुत्र इब्राहीम यांचे निधन झाले. हजरत मारिया किब्तिया (रजि.) यांच्या पोटी जन्मलेले हे बाळ पुरते दोन वर्षांचेही झाले नव्हते. प्रेषितांच्या डोळ्यांतून अश्रू वाहिले. डोळे रडतात, हृदय दुःखी होते, परंतु जिभेने आपण तेच बोलावे जे आपल्या पालनकर्त्याला मान्य आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले.

त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. मदीनेतील लोक म्हणू लागले की, इब्राहीम यांच्या मृत्यूमुळेच सूर्य काळवंडला. हे बोलणारे शत्रू नव्हते. ते प्रेमाने, श्रद्धेने बोलत होते. शोकाकुल पित्याला या बोलण्याने दिलासा वाटू शकला असता, अनुयायांची निष्ठा वाढली असती आणि कुणाचे काही बिघडलेही नसते, असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. प्रेषितांनी स्वतः असा दावा केलेला नव्हता. त्यांनी केवळ गप्प राहायचे होते.

ते गप्प राहिले नाहीत. त्यांनी ग्रहणाची दीर्घ नमाज अदा केली आणि नंतर लोकांना समजावले की, सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत. कुणाच्या मरणामुळे वा जगण्यामुळे त्यांना ग्रहण लागत नाही. ग्रहण दिसले तर अल्लाहचे स्मरण करा, नमाज अदा करा, दुआ करा, दान द्या.

पुत्रवियोगाच्या दिवशी, स्वतःच्या बाजूने असलेला गैरसमज ज्यांनी एक दिवसही टिकू दिला नाही, त्यांच्या उम्मतला ‘लोकांच्या समाधानासाठी थोडे खोटे चालते’ असे कसे म्हणता येईल? आणि आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्या. त्यांनी लोकांची चुकीची समजूत काढून घेतली, पण त्यांना रिकाम्या हाताने परत पाठविले नाही. भयाच्या घटकेला काय करायचे हेही त्याच वेळी सांगितले.

वियोगाचा दिवस

या घटनेनंतर काही महिन्यांतच, रबीउल अव्वल हिजरी ११ मध्ये, सोमवारी, स्वतः प्रेषितांनी या जगाचा निरोप घेतला. उम्मतवर याहून मोठा आघात दुसरा नाही. हजरत उमर (रजि.) यांच्यासारखा कणखर पुरुष मस्जिदीत उभा राहून सांगू लागला की, प्रेषितांना मृत्यू आलेला नाही; ते परत येतील आणि मृत्यूची वार्ता पसरविणाऱ्यांना शासन करतील. हजरत उमर (रजि.) खोटे बोलत नव्हते. त्यांना ते खरेच वाटत होते. असह्य प्रेमाने त्यांच्या विवेकावर पडदा पडला होता. तरीही विचार करा. त्या घटकेला लोकांना हेच ऐकायचे होते. या शब्दांनी अनेकांना क्षणभर धीर आलाही असेल. परंतु तो धीर किती काळ टिकला असता? आणि जेव्हा तो तुटला असता, तेव्हा त्याच्यासोबत आणखी काय काय तुटले असते?

हजरत अबू बक्र (रजि.) त्या वेळी मदीनेच्या बाहेरच्या बाजूस, सुन्ह येथे होते. ते घोड्यावरून आले, मस्जिदीत शिरले आणि कुणाशीही न बोलता आपली कन्या हजरत आयशा (रजि.) यांच्या हुजऱ्यात गेले. त्यांनी प्रेषितांच्या चेहऱ्यावरील चादर दूर केली, वाकून चुंबन घेतले आणि ते रडले. मग बाहेर आले. हजरत उमर (रजि.) यांना त्यांनी शांत होण्यास सांगितले, ते थांबेनात, तेव्हा अबू बक्र (रजि.) यांनी बोलण्यास आरंभ केला आणि लोक त्यांच्याकडे वळले. अल्लाहची स्तुती करून त्यांनी सांगितले की, जो कुणी मुहम्मदांची उपासना करीत होता त्याने जाणावे की मुहम्मद (स.) निवर्तले आहेत, आणि जो अल्लाहची उपासना करतो त्याने जाणावे की अल्लाह जिवंत आहे, त्याला मृत्यू नाही. मग त्यांनी सूरह आले-इमरानमधील ती आयत पठण केली जिचा आशय असा आहे की, मुहम्मद (स.) हे एक प्रेषित आहेत, त्यांच्या पूर्वी अनेक प्रेषित होऊन गेले, ते मृत्यू पावले किंवा मारले गेले, तर तुम्ही उलट पावली फिराल काय?

या छोट्याशा भाषणाचा क्रम पाहण्यासारखा आहे. बोलण्यापूर्वी त्यांनी स्वतः आत जाऊन खात्री केली. आपले अश्रू आधी आत ढाळले. ते नाकारले नाहीत, पण लोकांपुढे येताना त्या अश्रूंना आपल्या जिभेवर ताबा मिळवू दिला नाही. सर्वांत कठीण वाक्य त्यांनी आधी उच्चारले, तेही आडवळण न घेता. आणि त्याच श्वासात पायाखालची ती जमीन दाखविली जी हललेली नव्हती. ही आयत नवीन नव्हती. उहुदच्या लढाईनंतर, सात-आठ वर्षांपूर्वीच ती अवतरली होती आणि लोकांना पाठही होती. तरी त्या दिवशी सर्वांना असे वाटले की जणू ती आत्ताच अवतरली आहे. हजरत उमर (रजि.) यांनी पुढे सांगितले की, ती ऐकताच त्यांच्या पायांतील बळ गेले आणि ते जमिनीवर कोसळले, प्रेषित खरोखरच गेले हे त्यांना तेव्हा उमगले.

सत्याने हजरत उमर (रजि.) यांना खाली पाडले, हे खरे. परंतु त्याच सत्याने त्यांना पुन्हा उभेही केले, आणि पुढे ते उम्मतचे दुसरे खलीफा झाले. खोटी आशा माणसाला पडू देत नाही. पण तिच्या टेकूवर कुणी फार काळ उभा राहू शकत नाही.

एक रास्त आक्षेप

येथे जाणकार वाचक आक्षेप घेईल, आणि तो घेतलाच पाहिजे. तो विचारेल की, खंदकच्या लढाईत तर बातमी झाकण्यात आली होती, ते कसे?

हिजरी ५ मध्ये, इसवी सन ६२७ च्या सुमारास, सुमारे दहा हजारांच्या सैन्याने मदीनेला वेढा घातला होता. आतील लढणारे तीन हजारांच्या आसपास होते. अशा वेळी वार्ता आली की, शहराच्या दुसऱ्या बाजूस राहणाऱ्या बनू कुरैझा या टोळीने करार मोडला आहे. ही वार्ता खरी असेल तर स्त्रिया आणि मुले जिथे होती ती बाजूच उघडी पडणार होती. इब्ने इस्हाक यांच्या सीरतमध्ये नोंद आहे की, प्रेषितांनी हजरत सअद बिन मुआज आणि हजरत सअद बिन उबादा (रजि.) यांना काही सहकाऱ्यांसह शहानिशा करण्यास पाठविले आणि सूचना दिली की, वार्ता खोटी असेल तर सर्वांसमोर मोठ्याने सांगा, खरी असेल तर मला समजेल अशा खुणेने सांगा, लोकांचे बळ मोडू नका. ते परत आले आणि पूर्वी विश्वासघात केलेल्या दोन टोळ्यांची नावे तेवढी त्यांनी उच्चारली. प्रेषितांना उमगले.

तर मग सत्य झाकले गेले की नाही? माझ्या मते, या प्रसंगातच आपल्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. प्रथम हे पाहा की, कुणीही खोटे बोलले नाही. ‘करार शाबूत आहे, निश्चिंत राहा’ असे कुणी सांगितले नाही. दुसरे, जे थोपवून धरले ते तोपर्यंत, जोपर्यंत त्यावर उपाय योजता येईल. इतिहासकार सांगतात की मदीनेच्या रक्षणासाठी पहारेकरी तुकड्या रवाना करण्यात आल्या. मौनाचा वेळ कामासाठी वापरला गेला. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, ज्यांना निर्णय घ्यायचा होता त्यांच्यापासून काहीच लपविले गेले नाही. गतफान टोळीला मदीनेच्या खजुरांचा एक तृतीयांश हिस्सा देऊन परत पाठवावे काय, असा विचार पुढे आला, तेव्हा प्रेषितांनी त्याच दोघा सअदांना, म्हणजे त्या खजुरांच्या बागा ज्यांच्या होत्या त्या अन्सारच्या सरदारांना, विचारले. संकट किती गंभीर आहे हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी नकार दिला आणि तो नकार मानण्यात आला.

म्हणजे मौन आणि असत्य यांत अंतर आहे. मौनाला मर्यादा आहेत, पण ते नेहमीच निषिद्ध नाही. बातमीची खात्री होईपर्यंत थांबणे, उपाय हाती येईपर्यंत थांबणे, ऐकणाऱ्याची अवस्था पाहून वेळ निवडणे, हे सर्व राखणदाराच्या अधिकारात येते. परंतु ज्या सत्यावर दुसऱ्याचा निर्णय अवलंबून आहे, ते त्याच्यापासून रोखून धरण्याचा अधिकार त्याला नाही. आणि असत्य बोलण्याचा तर नाहीच.

कुणी म्हणेल की, दोघांत सलोखा घडवून आणण्यासाठी चांगले बोलणाऱ्याला खोटारडा म्हणू नये, असेही हदीसमध्ये आले आहे. हो, आले आहे. परंतु त्या सवलतीचा हेतू तुटलेली मने सांधणे हा आहे. आग लागलेल्या घरातील माणसाला ‘आग नाही, झोपा’ असे सांगण्याशी तिचा काही संबंध नाही. सवलतीला तिच्या जागेवरून उचलून भलत्याच दारी नेऊन ठेवणे, हा दीनचा आधार नव्हे, आपल्या भित्रेपणाचा आधार आहे.

आजारी माणसाचा हक्क

आपल्या घरांतील एक नेहमीची गोष्ट घ्या. कुटुंबातील वडीलधाऱ्यांना असाध्य आजार झाल्याचे निदान होते आणि मुले ठरवितात की, अब्बांना काही सांगायचे नाही. हेतू प्रेमाचा असतो, यात शंका नाही. पण अब्बांच्या बाजूने पाहा. त्यांच्यावर कुणाचे कर्ज असेल. कुणाची अमानत त्यांच्याकडे असेल. भावाशी दहा वर्षांपूर्वी तुटलेले बोलणे असेल. राहिलेले रोजे असतील, द्यायची जकात असेल. वसीयत करण्याजोगे काही असेल, तर ती लिहून ठेवल्याविना मुसलमानाने दोन रात्रीही काढू नयेत, अशा आशयाची हदीस आहे. हे सर्व पार पाडण्यासाठी त्यांच्यापाशी जो थोडा वेळ होता, तो आपण त्यांना न विचारता खर्च करून टाकला.

जनाजाच्या नमाजापूर्वी, मय्यतवर कुणाचे कर्ज आहे काय, असे आम्ही विचारतो. त्या वेळी कित्येकदा घरच्यांचे चेहरे उतरलेले मी पाहिले आहेत. कारण त्याचे उत्तर एकाच माणसाला ठाऊक असते, आणि तो बोलू शकत नाही.

याचा अर्थ असा नव्हे की, अहवाल हाती पडताच रुग्णाच्या तोंडावर तो वाचून दाखवावा. वेळ निवडा, माणूस निवडा, शब्द निवडा. त्याला किती जाणून घ्यायचे आहे हे त्याच्या प्रश्नांवरून ओळखा. उपचारांविषयी जी आशा खरी आहे ती अवश्य सांगा. परंतु त्याने डोळ्यांत डोळे घालून विचारले, तर खोटे बोलू नका. ते त्याचे आयुष्य आहे आणि त्याचा हिशेब त्यालाच द्यायचा आहे.

शब्द अपुरे पडतात तेव्हा

सत्य सांगितले म्हणजे काम संपले, असेही नाही. हिजरी ६ मध्ये सुमारे चौदाशे सहाबा उमऱ्याच्या इराद्याने मक्केकडे निघाले आणि हुदैबिया येथे त्यांना अडविण्यात आले. जो तह झाला त्यानुसार त्या वर्षी काबागृहाचे दर्शन न घेताच परतायचे होते. सहाबांची मने विदीर्ण झाली. हजरत उमर (रजि.) यांनी प्रेषितांना थेट प्रश्न केले की, आपण सत्यावर नाही काय, आपण काबागृहाची प्रदक्षिणा करू असे आपण सांगितले नव्हते काय? प्रेषितांनी त्यांना झिडकारले नाही. होय, सांगितले होते, पण याच वर्षी असे सांगितले होते काय, असे विचारून त्यांनी शांतपणे उत्तर दिले.

मग त्यांनी लोकांना आज्ञा केली की, उठा, कुर्बानी करा आणि केस उतरवा. कुणी उठले नाही. आज्ञा तीनदा झाली. ही बंडखोरी नव्हती. दुःखाने माणसे जागच्या जागी गोठली होती. प्रेषित तंबूत गेले आणि पत्नी हजरत उम्मे सलमा (रजि.) यांना घडलेले सांगितले. त्यांनी सल्ला दिला की, आपण बाहेर जावे, कुणाशी एक शब्दही बोलू नये, स्वतःच्या जनावराची कुर्बानी करावी आणि केस उतरवून घ्यावेत. प्रेषितांनी तसेच केले. ते पाहताच लोक उठले आणि एकमेकांचे केस उतरवू लागले.

आपण कर्ते पुरुष येथे काय करतो? ऐकले गेले नाही की आवाज चढवितो. चौथ्यांदा, पाचव्यांदा तेच सांगतो, आणि मग घरच्यांना आज्ञाभंगाचा दोष देतो. प्रेषितांनी आपली अडचण पत्नीपुढे मांडली, तिचा सल्ला ऐकला आणि तो तंतोतंत आचरला. संकटकाळी घरातील स्त्रीचे मत विचारणे हा कमीपणा वाटणाऱ्यांनी हा प्रसंग पुनःपुन्हा वाचावा.

स्वतः पुढे होणे हा शब्दांहून मोठा संदेश असतो. मदीनेत एका रात्री मोठा आवाज झाला आणि लोक घाबरून त्या दिशेने निघाले. तर समोरून प्रेषितच परत येताना दिसले. ते हजरत अबू तलहा (रजि.) यांच्या घोड्यावर, खोगीर न घालताच, एकटे पुढे जाऊन पाहून आले होते आणि भिण्याचे कारण नाही असे सांगत होते. त्यांचा दिलासा लोकांना पटला, कारण ते पाहून आले होते. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत, हिजरी १८ च्या सुमारास दुष्काळ पडला, तेव्हा लोकांना मिळेपर्यंत त्यांनी स्वतः तूप वर्ज्य केले, असे इतिहासात नमूद आहे. पोटभर जेवून दुसऱ्याला सब्र शिकविणाऱ्याचे शब्द कानांपर्यंत पोहोचतात, पुढे जात नाहीत.

तक्रार आणि कारण

संकटकाळी लोक कुरबुरतात, आणि नेत्याला ती कृतघ्नता वाटते. हिजरी ८ मध्ये हुनैनच्या लढाईनंतर युद्धात मिळालेल्या संपत्तीतून नव्याने इस्लाममध्ये आलेल्या कुरैशांना मोठे वाटे मिळाले आणि अन्सारांच्या काही तरुणांची मने दुखावली. हजरत सअद बिन उबादा (रजि.) यांनी ते प्रेषितांच्या कानी घातले. ‘तुमचे स्वतःचे काय?’ असे विचारल्यावर त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की, मीही माझ्याच लोकांपैकी एक आहे. प्रेषितांनी अन्सारांना वेगळे बोलावून एकत्र बसविले, कानी आलेली तक्रार त्यांच्यापुढे स्वतःच मांडली, आणि त्यांच्या वतीने जे बोलता आले असते तेही बोलून दाखविले की, तुम्ही आमच्याकडे निराधार येऊन पोहोचलात आणि आम्ही आधार दिला, असे तुम्ही म्हणालात तर ते खरेच ठरेल. त्यानंतरच त्यांनी वाटपाचे कारण सांगितले, आणि विचारले की, इतर लोक शेळ्या व उंट घेऊन जातील आणि तुम्ही अल्लाहच्या प्रेषिताला घेऊन घरी जाल, हे तुम्हाला पसंत नाही काय? अन्सार इतके रडले की त्यांच्या दाढ्या भिजल्या.

दुसऱ्याची बाजू त्याच्याहून चांगल्या शब्दांत मांडता येणे, आणि मगच आपली बाजू सांगणे, ही संवादाची खरी कसोटी आहे. उहुदमध्ये तिरंदाजांनी जागा सोडली आणि सुमारे सत्तर सहाबा शहीद झाले. त्यानंतरही कुरआनने प्रेषितांच्या मृदूपणाची प्रशंसा केली, आणि त्यांना क्षमा करा, त्यांच्यासाठी माफी मागा, कामकाजात त्यांचा सल्ला घ्या, अशी आज्ञा दिली. ज्यांची चूक नुकतीच महागात पडली होती, त्यांचाच सल्ला घ्यायचा! विश्वास परत मिळविण्याचा याहून थेट मार्ग नाही.

निर्णय कठोर असेल तर त्याचे कारणही सांगावे लागते. हजरत उमर (रजि.) शामकडे निघाले असता सर्ग या ठिकाणी त्यांना कळले की, तिकडे प्लेगची साथ आहे. त्यांनी मुहाजिर, अन्सार आणि कुरैशांतील ज्येष्ठ अशा तिन्ही गटांचा क्रमाने सल्ला घेतला आणि परतण्याचे ठरविले. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की, हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नव्हे काय? खलीफांनी अधिकाराचा धाक दाखविला नाही. त्यांनी उत्तर दिले की, आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. आणि हिरव्या व उजाड अशा दोन बाजू असलेल्या दरीत उंट चारणाऱ्याचे उदाहरण दिले. मग हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी प्रेषितांची हदीस सांगितली की, जिथे साथ आहे तिथे जाऊ नये, आणि जिथे आपण आहोत तिथे ती आली तर पळून बाहेर पडू नये.

आपला काळ

मार्च २०२० मध्ये आपल्याकडील मस्जिदींतील जमातची नमाज मोजक्या लोकांपुरती राहिली. एप्रिलअखेर रमजान आला, तेव्हा तरावीह घरोघरी अदा करावी लागली, ईदची नमाजही. त्या दिवसांत, नमाजी माणसाला हा आजार होणारच नाही, असे छातीठोकपणे सांगणारे भेटले. त्यांचा हेतू धीर देण्याचाच असावा. पण सर्गचा प्रसंग ठाऊक असलेल्याला तो धीर खोटा आहे हे कळायला हवे होते. याउलट, ज्यांनी लोकांना सांगितले की, मुसळधार पावसाच्या दिवशी हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी मुअज्जिनला ‘आपापल्या घरी नमाज अदा करा’ असे पुकारण्यास सांगितले होते आणि ही प्रेषितांचीच रीत असल्याचे स्पष्ट केले होते, त्यांनी सत्यही सांगितले आणि आधारही दिला. मस्जिदीचे दार बंद पाहून रडणाऱ्या वृद्धाला त्या एका माहितीने जो दिलासा मिळाला, तो कोणत्याही थापेने मिळाला नसता.

आणि बातमी पसरविणाऱ्या हातांविषयी काय सांगावे! सूरह निसामध्ये अशांची कानउघाडणी आहे, जे शांततेची वा भयाची कोणतीही वार्ता हाती येताच ती पसरवून देतात. ती प्रेषितांकडे आणि जबाबदार लोकांकडे नेली असती, तर तिच्यातील खरेखोटे जाणणाऱ्यांनी ते निवडले असते, असे तेथे म्हटले आहे. आज ते जबाबदारीचे स्थान आपल्या प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलमध्ये आहे. वस्तीत तणाव असताना व्हॉट्सॲपवर आलेला संदेश पुढे ढकलण्यापूर्वी थांबणे हे मौन आहे, आणि ते पुण्याचे आहे. पण लोकांच्या मनात भय दाटलेले असताना मस्जिदीच्या व्यवस्थापनाने दिवसभर काहीच न बोलणे हेही मौन आहे, आणि ते पुण्याचे नाही. त्या पोकळीत अफवा शिरते. जेवढे खात्रीने ठाऊक आहे तेवढे सांगावे, चौकशी चालू आहे असे सांगावे, पुन्हा केव्हा सांगू ते सांगावे, आणि ती वेळ पाळावी.

आता दाराशी थांबलेल्या त्या कर्त्या माणसाकडे वळू. त्याने आत जावे. मुले झोपेपर्यंत थांबावेसे वाटले तर थांबावे. त्यात फसवणूक नाही. मग ज्यांच्या आयुष्याशी या बातमीचा संबंध आहे, त्यांना जवळ बसवावे. नोकरी गेली असेल तर ‘नोकरी गेली’ असे सरळ सांगावे. पत्नीला महिन्याचा खर्च चालवायचा आहे. तिला अंधारात ठेवून तिच्याकडून काटकसरीची अपेक्षा करणे अन्याय आहे. मुलांना त्यांच्या वयाला पेलेल इतके सांगावे, पण ते खरेच असावे. कारण घरात काहीतरी बिघडले आहे हे मुलांना शब्दांविना कळते, आणि न सांगितलेल्या गोष्टीहून त्यांची कल्पना अधिक भयंकर असते. मग काय शिल्लक आहे ते सांगावे: एवढे पैसे आहेत, एवढे कर्ज आहे, इतक्या ठिकाणी प्रयत्न करतो आहे, आणि रज्जाक अल्लाह आहे. त्यांचे प्रश्न ऐकावेत, चिडू नये. शेवटी त्यांचा सल्ला विचारावा आणि त्यातील एखादा तरी मानावा.

हजरत अबू बक्र (रजि.) यांनी खलीफा झाल्यावर केलेल्या पहिल्याच भाषणात सत्याला अमानत आणि असत्याला खियानत म्हटले होते. अमानत या शब्दाचा अर्थ आपण जाणतो: दुसऱ्याची वस्तू, जी आपल्यापाशी राखण्यासाठी ठेवलेली असते. राखणदार ती जपून ठेवू शकतो, योग्य वेळी योग्य हाती देऊ शकतो. पण ती आपली समजून गिळंकृत करू शकत नाही. आपल्याला कळलेली कठीण बातमी ही अशीच, आपल्या माणसांची अमानत आहे.

अल्लाह आपल्याला सत्य बोलण्याचे धैर्य, ते मृदूपणे बोलण्याची सुबुद्धी आणि आपल्या माणसांसोबत त्याचे ओझे उचलण्याची तौफीक देवो. आमीन.